गॉझ मोजणारी

शस्त्रक्रियेत माझं काम मोजण्याचं.
किती गॉझ आत गेले, किती बाहेर आले,
फळ्यावर खडूने, पाच-पाचच्या जुड्या.
लावऱ्यात त्या रात्री हरमत्तनची धूळ उडत होती,
खिडक्यांच्या फटींना आम्ही ओल्या चादरी लावलेल्या
आणि टेबलावर बायुओ, वय नऊ,
पोट फळीसारखं टणक.

त्याआधी डॉक्टर डाकुरांनी स्टेथोस्कोप टेकवून
पूर्ण दोन मिनिटं ऐकलं होतं.
काहीच नाही, म्हणाले.
बरं पोट कधी गप्प बसत नाही,
झोपेतही कुरकुरतं, पाणी इकडून तिकडे ढकलतं.
दंगल पेटली की बाजार दारं लावून घेतो,
तसं हे आतडं.

चीर दिली. वास आला.
पाच. दहा. पंधरा.

लहान आतड्याच्या शेवटच्या हातभर लांबीत
पहारेकऱ्यांची ठाणी असतात, पेशींचे बारीक उंचवटे.
दारावरची पेशी येणाऱ्या-जाणाऱ्यातला चिमूटभर नमुना
आत घेते, दाखवते:
हा बाजरीच्या आंबिलातला, येऊ दे. हा परका.
टायफॉइडचा जंतू याच दारातून आला,
डिसेंबरातल्या विहिरीच्या तळच्या पाण्याबरोबर.
पहारेकऱ्याने त्याला गिळलं.
तो मेला नाही.
पहारेकऱ्याच्याच पोटात बसून
त्याने यकृत पाहिलं, प्लीहा पाहिली, हाडांतला मगज पाहिला,
आणि पित्ताबरोबर पुन्हा त्याच ठाण्यावर उतरला.
या वेळी ठाण्याला त्याची ओळख होती.
ओळख होती म्हणूनच सगळे तुटून पडले.

कुंपण शेत खातं, असं म्हणतात.
मला म्हणवत नाही.
मी ते भोक पाहिलंय, मक्याच्या दाण्याएवढं,
जणू कुणी आतून झुंजता झुंजता
दारासकट बाहेर कोसळलं.

पुढचं सगळं उघड्यावर.
पोकळीतल्या जुन्या रखवालदार पेशी
काही तासांत दिसेनाशा होतात.
रक्तातून तरण्या येतात, घाईत, कोटींनी,
स्वतःच्याच गाभ्याचं सूत उसवून जाळं फेकतात
नि जाळ्यातच मरतात.
पू म्हणजे ह्याच.
वीस. पंचवीस.
एकेका गॉझवर किती जणी होत्या
ते लिहायला फळ्यावर रकाना नाही.

आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो.
मोठ्या माणसात तो भोकाशी जाऊन बिलगतो,
त्याच्यातल्या दुधाळ ठिपक्यांतून कुमक उतरते.
डाकुरांनी तो दोन बोटांनी उचलला.
बघ, म्हणाले, निघाला होता.
खरंच, खालचं टोक लाल, सुजलेलं,
चार बोटांवर थांबलेलं.
लहान मुलाचा पदर आखूडच असतो.

दाराबाहेर पेर्पेतुआ, त्याची आई,
धाकटीला पाठीशी बांधून उभी.
कापडाची गाठ सोडायची, पुन्हा आवळायची.

आठ लिटर पाण्याने पोट धुतलं. टाके घातले.
तीस गेले, तीस आले. माझा हिशेब चुकत नाही.

तीन दिवस ताप फणफणत राहिला.
चौथ्या दिवशी अंग गार पडलं,
पेर्पेतुआ हात जोडून हसली, आणि डाकुरांचा चेहरा उतरला.
आग विझली की राख पाहावी लागते.
आतड्यातल्या जुन्या जाणत्या पेशी अशा वेळी
एकेक करून मिटत जातात, आवाज न करता,
आणि कुठल्याही साध्या जंतूला रान मोकळं होतं.
त्या रात्री खुर्चीतून मी उठले नाही.
औषधाचे थेंब मोजले. श्वास मोजले.

सहाव्या दिवशी पहाटे
मी त्यांचाच स्टेथोस्कोप घेऊन ऐकलं.
बराच वेळ काही नाही.
मग खोल कुठेतरी
कुणी अंधारात मडकं सरकवावं तसं.
मी खडू शोधला. फळा तिथे नव्हता.
हाताच्या तळव्यावर लिहिलं: एक.

बायुओने डोळे उघडून पाणी मागितलं.
पेर्पेतुआने लगेच पिवळा कॅन उचलला.
कुठल्या विहिरीवर जातेस, मी विचारलं.
ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.
एकच तर आहे.